व्हायरस गेला, पण संगणक दिसेना

वाचकांचे प्रश्न : घरातील संगणक

प्रश्न (महाल, नागपूर) : महालातील आमच्या राहत्या घराच्या तळमजल्यावर माझे डीटीपीचे आणि लग्नपत्रिकांचे काम चालते. खाली माझा विंडोज दहाचा डेस्कटॉप, वरच्या माळ्यावर मुलीचा विंडोज अकराचा लॅपटॉप आणि भावाचा विंडोज सातवर चालणारा जुना संगणक, असे तीन संगणक एकाच राउटरवर आहेत. लग्नसराईत एका गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून शॉर्टकट व्हायरस शिरला आणि सगळी फोल्डर शॉर्टकट होऊन बसली. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने जुना अँटिव्हायरस काढून नवा टाकला, फायली परत मिळवून दिल्या आणि मशीन साफ झाल्याचे सांगितले. इंटरनेट व्यवस्थित चालते. परंतु तेव्हापासून माझ्या डेस्कटॉपवर ‘नेटवर्क’मध्ये कोणीच दिसत नाही आणि वरच्या दोघांनाही माझा डेस्कटॉप दिसत नाही, ते दोघे मात्र एकमेकांना दिसतात. संगणकांना एकमेकांना दिसू देणारी ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ चालू करून सेव्ह केले तरी पुन्हा पाहावे तर ती बंदच असते. शेवटी दुरुस्तीवाल्याने विंडोजच्या फीचर्समध्ये ‘एसएमबी १.०’ समोर खूण करून दिली. त्यानंतर भावाचा संगणक अधूनमधून दिसतो, लॅपटॉप नाहीच. वर्कग्रुपचे नाव तिन्हीकडे सारखे आहे. मुलगी म्हणते, फॉरमॅट करा; पण फॉन्ट, सॉफ्टवेअरच्या परवान्याचे डोंगल आणि इतक्या वर्षांचे पत्रिकांचे नमुने डोळ्यांसमोर आले की मन धजत नाही. काय करावे?

उत्तर : आपण पत्र बारकाईने लिहिले आहे, त्यामुळे अर्धे निदान त्यातच झाले आहे. वरचे दोन संगणक एकमेकांना दिसतात, याचा अर्थ राउटर आणि जोडणी यांत दोष नाही. दोष आपल्या डेस्कटॉपमध्येच आहे. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे नेटवर्क डिस्कव्हरी चालू केली तरी ती आपोआप बंद होते. हे विंडोजचे जुने आणि ओळखीचे लक्षण असून, ज्या सेवांच्या, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामांच्या, आधारावर ती डिस्कव्हरी उभी असते त्यांपैकी एखादी सेवा बंद किंवा निकामी झालेली असली की असे घडते.

मात्र हत्यारे काढण्यापूर्वी एक भेद मनाशी पक्का करावा, कारण तो न केल्यामुळेच लोकांचे दिवसच्या दिवस वाया जातात. ‘नेटवर्क’च्या खिडकीत संगणक दिसणे आणि त्या संगणकापर्यंत पोहोचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिडकीत दिसते ती केवळ एक यादी असते, आणि यादी कोरी असली तरी रस्ता मोकळा असू शकतो. म्हणून आधी लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी आणि त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील त्याचा क्रमांक, कागदावर उतरवून घ्यावा. घरगुती राउटरवर तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. डेस्कटॉपवरही तीच आज्ञा देऊन पाहावी. पत्त्यात टिंबांनी वेगळे केलेले चार आकडे असतात, त्यांपैकी पहिले तीन दोन्हीकडे जुळले पाहिजेत. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही असे समजावे. आपले इंटरनेट चालते, त्या अर्थी आपल्याकडे तसे नसावे. मग डेस्कटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांपुढे लॅपटॉपचा पत्ता लिहून एंटर दाबावे. लॅपटॉपवरील शेअर केलेली फोल्डर उघडली, किंवा नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट जरी आली, तरी रस्ता शाबूत आहे आणि बिघाड फक्त यादीत आहे. हीच परीक्षा लॅपटॉपवरून डेस्कटॉपच्या दिशेनेही करावी. पिंगवर, म्हणजे दुसऱ्या संगणकाला हाक मारून पाहणाऱ्या आज्ञेवर, मात्र भिस्त ठेवू नये. विंडोजचा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणारे-जाणारे अडवणारा पहारेकरी, पुष्कळदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही, त्यामुळे उत्तर आले नाही म्हणजे संगणक नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता ही यादी कशी तयार होते ते पाहू, कारण आपल्या दुरुस्तीवाल्याने केलेल्या उपायाचे मूळ तिथे आहे. पूर्वीच्या विंडोजमध्ये ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ नावाची सेवा होती. नेटवर्कवरील संगणक आपापसांत निवडणूक घेऊन एकाला मॉनिटर नेमत, आणि तो वर्गातल्या मॉनिटरप्रमाणे सगळ्यांचा हजेरीपट सांभाळीत असे. बाकीचे संगणक साधारण दर १२ मिनिटांनी त्याच्याकडे ‘हजर’ म्हणत. ही सगळी व्यवस्था एसएमबी या, संगणकांमधील फायलींच्या देवाणघेवाणीच्या भाषेच्या, पहिल्या आवृत्तीवर, म्हणजेच एसएमबी १.० वर, अवलंबून होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज दहाच्या १७०९ या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ती पहिली आवृत्ती नेहमीप्रमाणे आपोआप चालू मिळणे थांबले, आणि तिच्याबरोबर मॉनिटरही गेला आणि त्याचा हजेरीपटही. आता प्रत्येक संगणक स्वतःच आपल्या अस्तित्वाची घोषणा करतो आणि इतरांच्या घोषणा ऐकतो. घोषणा करण्याचे काम ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा करते, तर ऐकण्याचे आणि शोधण्याचे काम ‘फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट’ ही सेवा करते. पहिली बंद पडली तर आपण इतरांना दिसत नाही. दुसरी बंद पडली तर इतर आपल्याला दिसत नाहीत. आपल्याकडे दोन्ही दिशांनी अंधार आहे, त्यामुळे एकतर या दोन्ही सेवा बंद आहेत किंवा त्यांच्या वाटेवर फायरवॉल आडवा पडला आहे.

व्हायरसचा आणि याचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. घुसखोर प्रोग्रामला सर्वांत आधी पहारेकरी दूर करायचे असतात. २००८ च्या अखेरीस पसरलेला कॉनफिकर हा व्हायरस विंडोज अपडेट आणि विंडोजचे स्वतःचे संरक्षण असलेला डिफेंडर यांच्या सेवा बंद पाडीत असे, आणि तोही पेन ड्राइव्ह व शेअर केलेली फोल्डर या दोन्ही वाटांनी फिरत असे. त्यानंतर आलेल्या झीरोॲक्सेसने तर फायरवॉलची सेवा आणि तिचा पाया असलेली ‘बेस फिल्टरिंग इंजिन’ ही सेवा रजिस्ट्रीतूनच, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतूनच, उपटून काढण्यापर्यंत मजल मारली होती. अँटिव्हायरस अशा प्रोग्रामची फाइल काढून टाकतो. त्याने बदललेल्या सेटिंग्ज पूर्ववत करणे हे त्याचे काम नव्हे आणि तो ते बहुधा करीतही नाही. तरीही येथे सगळे खापर व्हायरसवर फोडण्याची घाई मी करणार नाही. जुना अँटिव्हायरस काढून नवा टाकला, हे आपण ओघात लिहिले आहे, पण मला संशय तिथेही आहे. जुन्या अँटिव्हायरसच्या फायरवॉलचे अवशेष नेटवर्क कार्डाला चिकटून राहतात, आणि नवा अँटिव्हायरस घरच्या नेटवर्कला ‘पब्लिक’ समजून सगळी दारे लावून घेतो, असे वरचेवर घडते.

उपायाकडे वळू. पहिले काम यादी दुरुस्त करण्याचे नाही, तर डेस्कटॉप खरोखर साफ आहे याची खात्री करण्याचे आहे. आजारी संगणक घरात सगळ्यांना दिसू लागला, तर वरच्या दोघांची शेअर केलेली फोल्डरही त्याच्या हाती लागतील. म्हणून इथून पुढे तपासणी होईपर्यंत डेस्कटॉपची नेटवर्कची वायर काढून ठेवावी. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ खाली ‘स्कॅन ऑप्शन्स’ आहे, त्यात ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडावे. संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज उभे राहण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे विंडोजच्या आत लपून बसणाऱ्या प्रोग्रामला लपायला जागा उरत नाही. सुमारे १५ मिनिटे लागतात. नव्या अँटिव्हायरसमुळे हा पर्याय दिसत नसेल, तर तो अँटिव्हायरस तात्पुरता काढावा. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही तपासणीची साधने विनामूल्य मिळतात. ती लॅपटॉपवर उतरवून घेता येतील. ज्या पेन ड्राइव्हवर संशय आहे तो मात्र लॅपटॉपला लावू नये. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड मुलीच्या लॅपटॉपवरून बदलावेत, डेस्कटॉपवरून नव्हे.

तपासणी स्वच्छ आली की वायर जोडावी आणि पुढे जावे. सेटिंग्जमध्ये नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ झाला असेल तर तो ‘प्रायव्हेट’ करावा. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला किंवा नेटवर्क रीसेट केले की विंडोज त्या जोडणीला नवीन समजते, आणि अशा वेळी ती ‘पब्लिक’ म्हणून नोंदली जाण्याची शक्यता मोठी असते. मग ‘सर्व्हिसेस’ ही यादी उघडून पाच सेवा पाहाव्यात : वर सांगितलेल्या फंक्शन डिस्कव्हरीच्या दोन, आणि ‘डीएनएस क्लायंट’, ‘एसएसडीपी डिस्कव्हरी’ व ‘यूपीएनपी डिव्हाइस होस्ट’. यांपैकी कोणतीही ‘डिसेबल्ड’ असेल तर ती ‘मॅन्युअल’ करून सुरू करावी; फंक्शन डिस्कव्हरीच्या दोन्ही सेवा ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ कराव्यात. त्याच यादीत ‘सर्व्हर’ आणि ‘वर्कस्टेशन’ याही सेवा चालू आहेत ना, ते पाहावे, कारण फायलींची प्रत्यक्ष देवाणघेवाण त्या करतात. एवढे झाल्यावर डिस्कव्हरी चालू करावी. ती चालू राहिली, तर पुष्कळदा मिनिटाभरात वरचे दोघे दिसू लागतात.

ती चालू राहिली तरी कोणी दिसत नसेल, तर फायरवॉलकडे वळावे. जुन्या अँटिव्हायरसच्या कंपनीचे स्वतंत्र काढणी-साधन असते. ते चालवून त्याचे अवशेष पुसावेत. त्यानंतर विंडोज फायरवॉल त्याच्या मूळ स्थितीत आणावा. त्याच्या खिडकीतच ‘रिस्टोअर डिफॉल्ट्स’ असा पर्याय आहे. आणि इथेच आपल्या संगणकाचे खरे दुखणे कळेल. फायरवॉल सुरूच होत नसेल, ‘बेस फिल्टरिंग इंजिन’ ही सेवा यादीत नसेलच, किंवा ती सुरू करताना ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असा संदेश येत असेल, तर घुसखोराने पायाच उखडला आहे असे धरावे. सिस्टम फाइल चेकर बिघडलेल्या फायली बदलून देतो, पण रजिस्ट्रीतून पुसलेली सेवा त्याने परत येईलच असे नाही. अशा वेळी यूट्यूबवर पाहून रजिस्ट्रीच्या फायली मिळवून त्यांवर डबल क्लिक करणे, ही एका व्हायरसमागून दुसरा घरात आणण्याची रीत आहे.

फॉरमॅटचा निर्णय या पायरीवर घ्यावा, आधी नाही. त्याच्या अलीकडे एक मधला मार्ग आहे आणि डीटीपी करणाऱ्यांसाठी तो मोलाचा आहे : चालू विंडोजवरच त्याच आवृत्तीचे विंडोज पुन्हा बसवणे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ते विंडोजच्या आतूनच चालवावे आणि ‘फायली व ॲप्स राखून ठेवा’ हा पर्याय निवडावा. फॉन्ट, पत्रिका आणि बसवलेले प्रोग्राम जागेवर राहतात, आणि विंडोजच्या सेवा नव्याने उभ्या राहतात. तरीही आधी फॉन्टचे फोल्डर, डोंगलच्या ड्रायव्हरची फाइल आणि पत्रिकांचे नमुने बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावेतच. मात्र ऑफलाइन तपासणीत पुन्हा काही सापडले, किंवा साफ केलेली वस्तू दोन दिवसांत परत आली, तर मुलीचेच खरे मानावे. अशा विंडोजवर घालवलेले तास फुकट जातात. अशा वेळी कोरे विंडोज बसवावे आणि बॅकअपमधून फक्त आपल्या कामाच्या फायली परत आणाव्यात, कोणताही जुना प्रोग्राम किंवा सेटअपची फाइल नव्हे. विंडोज दहाचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे संगणक चालवू शकत असेल तर तेव्हा अकराच बसवावे.

आता ती ‘एसएमबी १.०’ ची खूण. ती आजच काढा. खूण केल्यावर भावाचा संगणक दिसू लागला, कारण विंडोज सातमध्ये तो जुना मॉनिटर अजून जिवंत आहे. लॅपटॉप दिसला नाही, कारण त्याच्याकडे ती जुनी भाषाच नाही. दुरुस्तीवाल्याने रोग बरा केला नाही, बंद झालेले मागचे दार तेवढे उघडून दिले. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच दारातून शिरला आणि सुमारे १५० देशांतील २ लाखांहून अधिक संगणकांच्या फायली कुलूपबंद झाल्या. त्याला कोणी क्लिक करण्याची गरज नव्हती. नेटवर्कवरील एका संगणकातून तो शेजारच्यात आपणहून जात असे. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती, आणि बाधित झालेल्यांत सर्वांत मोठा वाटा विंडोज सातचाच होता. आपल्या घरात विंडोज सात आहे, आणि गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह रोज येतात. फायलींच्या देवाणघेवाणीसाठी विंडोज सातला एसएमबीची दुसरी आवृत्ती येते, त्यामुळे ही खूण काढल्याने भावाचे काहीही अडणार नाही. यादीत तो दिसला नाही, तर त्याच्या फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर करून ठेवावा. रोज यादी पाहत बसण्यापेक्षा ते सोपेही आहे. घरगुती विंडोज सातला १४ जानेवारी २०२० नंतर कोणतीही सुरक्षा-दुरुस्ती मिळत नाही, हेही भावाच्या कानावर घालावे.

वर्कग्रुपचे नाव तपासण्याचा सल्ला प्रत्येक दुकानात मिळतो. ते नाव वेगळे असले तरी आजच्या विंडोजमध्ये फायली उघडता येतात, म्हणून त्यावर मी वेळ घालवला नाही.

प्रश्न (मानेवाडा, नागपूर) : संगणकात मालवेअर आल्यानंतर खबरदारी म्हणून मी नवा वाय-फाय राउटर घेतला आणि तो फायबर कंपनीच्या डब्याला जोडून वरच्या माळ्यावर ठेवला. आता खालच्या डेस्कटॉपवर वरचा लॅपटॉप दिसत नाही. दोन्हीकडे इंटरनेट उत्तम आहे आणि तपासणीत व्हायरस सापडत नाही. मालवेअर राउटरमध्ये तर शिरले नाही ना?

उत्तर : शंका रास्त आहे, पण येथे दोष मालवेअरचा दिसत नाही. कंपनीचा डबा स्वतःच एक राउटर असतो. त्यापुढे दुसरा राउटर जोडला की घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात, डेस्कटॉपला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि लॅपटॉपला, उदाहरणार्थ, १९२.१६८.० ने. संगणकांची स्वतःची घोषणा आपल्याच नेटवर्कपुरती असते, राउटर ओलांडून ती पलीकडे जात नाही. त्यामुळे सेवा आणि फायरवॉल कितीही तपासले तरी हे दोघे एकमेकांना दिसणार नाहीत. नव्या राउटरच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडावा. नसेल तर त्याचा पत्ता डब्याच्याच मालिकेतला, पण डब्याहून वेगळा असा देऊन त्याचे डीएचसीपी, म्हणजे संगणकांना पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे, आणि डब्याकडून येणारी वायर ‘वॅन’ ऐवजी ‘लॅन’च्या खाचेत लावावी. लॅपटॉप ‘गेस्ट’ नावाच्या वाय-फायवर नाही ना, हेही पाहावे, कारण ते नेटवर्क पाहुण्यांना घरातल्या संगणकांपासून दूर ठेवण्यासाठीच असते.

राउटरविषयीची आपली भीती मात्र अगदीच निराधार म्हणता येणार नाही. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने संगणकांचेच नव्हे, तर कारखान्याचा पासवर्ड तसाच ठेवलेल्या राउटरांचेही डीएनएस पत्ते, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे पत्ते, बदलले होते. त्याचे ठग पकडले गेल्यावर बाधित लोकांचे इंटरनेट एकाएकी तुटू नये म्हणून अमेरिकेत पर्यायी सर्व्हर चालवावे लागले, ते ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले. म्हणून डबा आणि राउटर या दोन्हींचे ॲडमिन पासवर्ड बदलावेत, आणि डीएनएसच्या रकान्यात अनोळखी पत्ता दिसल्यास तो आपल्या कंपनीचा आहे का, ते विचारून घ्यावे. या बदलाचा संगणक न दिसण्याशी संबंध नसतो, पण संसर्ग पुरता गेला नसल्याची ती खूण असू शकते.

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) : मी निवृत्त शिक्षिका आहे. व्हायरसनंतर मुलाने माझ्या लॅपटॉपवर विंडोज अकरा नव्याने बसवून दिले. आता घरातील दुसऱ्या संगणकावर माझा लॅपटॉप दिसतो, पण उघडायला गेले की नाव आणि पासवर्ड विचारतो. मी रोजचा चार आकडी पिन देते, तो चुकीचा म्हणतो. पासवर्ड विचारणेच बंद करता येईल का?

उत्तर : बाई, बंद करता येईल, पण करू नये. नुकत्याच संसर्गातून बाहेर पडलेल्या घरात विनापासवर्ड फोल्डर ठेवणे म्हणजे पुढच्या वेळी व्हायरसला जिना चढायचेही कष्ट न देणे. पिन चालत नाही, कारण पिन त्याच लॅपटॉपपुरता असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो. मुलाने मायक्रोसॉफ्टचे खाते वापरून विंडोज बसवले असेल, तर नावाच्या जागी त्या खात्याचा पूर्ण ईमेल पत्ता आणि पासवर्डच्या जागी त्याच खात्याचा पासवर्ड लिहावा.

याहून सुटसुटीत मार्ग असा की लॅपटॉपवर फक्त शेअरिंगसाठी एक स्थानिक खाते उघडावे, त्याला चांगला पासवर्ड द्यावा, आणि फोल्डर शेअर करताना ‘एव्हरीवन’ऐवजी त्याच खात्याला परवानगी द्यावी. नुसते वाचायचे असेल तर ‘रीड’ पुरे. परवानगी दोन ठिकाणी लागते, एक शेअरिंगच्या टॅबमध्ये आणि दुसरी सिक्युरिटीच्या टॅबमध्ये. दोन्हींपैकी जी अधिक कडक असेल ती लागू होते, आणि फोल्डर दिसूनही उघडत नाही त्याचे कारण बहुधा हेच असते. दुसऱ्या संगणकावर पहिल्यांदा पासवर्ड देताना ‘रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स’ समोर खूण केली, तर पुन्हा विचारणार नाही.